पळीभर लोणी

चूल न पेटवता, सगळं कच्चंच खाणाऱ्या माणसानं दिवसाला तेल-लोणी किती खावं, असं तुम्हाला कोणी विचारलं तर काय सांगाल?

हसू नका. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागे आमच्या अमरावतीत या एका प्रश्नावर दर रविवारी मीटिंग भरायची. त्या मीटिंगांना काकड्या चिरून दिल्या आहेत मी, म्हणून सांगते. असे किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. हळदीकुंकवाला एकीनं एक सांगितला की दुसरीला दोन आठवतात, आणि घरी येईपर्यंत ओटीत गव्हापेक्षा किस्सेच जास्त झालेले असतात. आमच्या मंडळाचे किस्से सांगताना मात्र मी सुरुवातीला हसते आणि शेवटाकडे हळूहळू गप्प होत जाते.

मंडळाचं मूळ म्हणजे आमच्या शेजारचे आप्पाजी. शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर. अर्धं आयुष्य पोटातल्या जळजळीनं बेजार. नाना औषधं झाली, पथ्यं झाली, काही उतार नाही. मग एकदा निसर्गोपचाराचे एक महाराज गावात आले आणि शाळेच्या हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. पाला, फळं, मोड आलेली मटकी, गाजर, काकडी, सगळं जसं उगवलं तसं खा, विस्तव नको! आप्पाजींनी लगेच सुरू केलं, आणि वर्षाच्या आत जळजळ नाहीशी झाली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते पाहून माझे यजमान, म्हणजे तहसील कचेरीतले कारकून, आणि आणखी दहा-बारा घरं आप्पाजींच्या मागे लागली.

व्याख्यानात एकच गोष्ट राहून गेली होती. शेवटी कोणीतरी विचारलं, "महाराज, आणि तेल-तुपाचं काय?" तेवढ्यात दाराशी टांगा आला, गाडीची वेळ झाली, आणि महाराज गेले ते गेलेच!

मग उत्तर आप्पाजींना द्यावं लागलं. आपली सगळी दुखणी तळलेल्यातून आली, असं त्यांच्या मनानं घेतलेलं. ते म्हणाले, "जीभ ओली होईल इतपत. दिवसाला एक चमचा."

* * *

पण चमचा कोणता?

पुढच्या रविवारी आप्पाजींनी सगळ्यांना आपापला चमचा आणायला सांगितलं. कोणी चहाचा आणला, कोणी औषधाचा. आमच्या यांनी भाजी वाढायचा डाव नेला होता. आणि आप्पाजींचे मेहुणे विठ्ठलराव, चांदूर बाजारकडचे शेतकरी, त्या दिवशी बहिणीला भेटायला आले होते. ते आत गेले आणि फोडणीची लोखंडी पळी घेऊन बाहेर आले.

"भाऊजी, हा आमच्या शेतकऱ्याचा चमचा!"

सगळे हसले. आप्पाजी हसले नाहीत. ते उठून देवघरात गेले आणि तीर्थाची तांब्याची पळी घेऊन आले. बोटाच्या पेरात मावेल एवढं तिचं तोंड.

"हे माप," ते म्हणाले. "देवाचं आहे. याच्यात वाद नको."

तेव्हापासून मीटिंग संपली की आप्पाजी एकेकाच्या तळहातावर एक पळी घाण्याचं तेल घालायचे. आम्ही ते तीर्थासारखं घ्यायचो. विठ्ठलराव गावाहून आलेले असले की हात पुढे करून म्हणायचे, "भाऊजी, तीर्थ भेटलं. आता परसाद कधी?"

* * *

चूल गेली म्हणून बायकांना आराम झाला असेल, असं तुम्हाला वाटेल. माझी आजीसुद्धा असंच म्हणायची. पण आप्पाजींच्या पत्नी, माई, दिवसभर किसत आणि चिरत असायच्या. गाजर किसा, कोहळं किसा, तीळ भिजवा, नारळ खवा. एकदा त्यांची बोटं पाहिली तर सगळीकडे किसणीचे ओरखडे.

मी म्हटलं, "माई, आता तरी धूर नाही ना डोळ्यांत?"

"नाई वो बाई," माई म्हणाल्या. "चुलीले निदान रातच्याले विझवता येत होतं!"

* * *

एका हिवाळ्यात विठ्ठलरावांनी नव्या भुईमुगाचं पोतं आणून टाकलं. आमच्या यजमानांना आनंद झाला. "पळी तेलाची ठरली आहे, शेंगदाण्याची कुठे?" म्हणून भिजवलेले दाणे खिशात घालून ते कचेरीत जायला लागले. फाइल एक आणि मूठ एक! आठवडाभरात पोट असं बिघडलं की रजेचा अर्ज द्यावा लागला.

रविवारी आप्पाजींनी विचार केला. दाण्यात तेल आहे, म्हणजे दाणेही पळीतच बसले पाहिजेत. त्यांनी सगळ्यांसमोर पळीत दाणे ठेवायला सुरुवात केली. चार बसले. पाचवा ठेवला तो घरंगळून खाली पडला.

आप्पाजी आमच्या यांच्याकडे वळून म्हणाले, "पाहा! दाण्याला समजतं."

* * *

मग प्रश्न निघाला तो तेल कच्चं की शिजलेलं याचा. घाण्यात रगडताना तेल तापतं असं कोणीतरी बोललं. आप्पाजींचा स्वभाव असा की शंका आली की स्वस्थ बसवत नसे. ते यांना घेऊन घाण्यावर गेले. बैल डोळ्यांना झापडं लावून गोल फिरत होता. आप्पाजींनी निथळणाऱ्या तेलाखाली बोट धरलं.

"कोमट आहे," ते म्हणाले. "म्हणजे हे कच्चं नाही."

घाणेवाल्या काकांनी बैल थांबवला. "गुरुजी, आता याच्या पाठीवर हात ठेवून पाहा बरं."

आप्पाजींनी ठेवला.

"कोमट हाये ना? मंग काय मी बैल शिजवून राह्यलो?"

आप्पाजी तिथे पोट धरून हसले, असं हे सांगतात. घरी येईपर्यंत हसत होते. पण त्या दिवसापासून त्यांनी तेल बंद केलं! पळीत आता भिजवलेल्या तिळांचं वाटण यायला लागलं. चवीला कडवट, आणि त्यात ओलावा असा कितीसा असणार?

* * *

त्याच महाराजांचं व्याख्यान अकोल्यातही झालं होतं, आणि तिथेही तेल-तुपाच्या आधीच टांगा आला असावा. कारण अकोल्याच्या मंडळानं आपलं माप वेगळं ठरवलं होतं. तिथले प्रमुख म्हणजे सरकीचे एक व्यापारी शेठजी. त्यांनी आम्हाला बोलावलं. आप्पाजी, माई, हे आणि मी असे बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलो.

शेठजींच्या घरी पंगत बसली. पानात सगळं कच्चंच होतं, नियमात होतं. पण अर्धा नारळ प्रत्येकाला, वाटीभर भिजवलेले दाणे, आणि मुळ्याच्या किसावर कच्च्या तेलाची धार! शेठजींचा चेहरा नुसता तुकतुकीत. आप्पाजींनी खिशातून पळी काढली तेव्हा पंगतीत कोणीतरी खुसखुसलं. शेठजींनी त्याला डोळ्यांनीच दटावलं.

जेवणानंतर दोघांचा वाद झाला. भांडण नव्हतं, दोघेही सज्जन. शेवटी शेठजी म्हणाले, "मास्तरजी, दिव्यात तेल नाई टाकलं तर जळाचं थोडंच राह्यते? मंग वात जळते."

आप्पाजी म्हणाले, "आणि तेल वर आलं तर वात बुडते, शेठजी."

"बुडते. पन तुमची बुडून नाई राह्यली ना!"

येताना बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. प्लॅटफॉर्मवर उतरलो आणि आप्पाजी एका पेटीवर बसले. आमची गाडी समोर उभी होती, शिट्टी झाली, तरी त्यांना उठता येईना. ती गाडी आम्ही सोडली. माई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी आप्पाजींच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली.

* * *

अमरावतीचा वैशाख तुम्हाला माहीत आहे. माणसं ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसतात. त्या वैशाखात आप्पाजी ओसरीवर स्वेटर घालून बसायला लागले!

डॉक्टर येऊन गेले. डॉक्टरांनी कच्च्या खाण्याला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाले, "हेडमास्तर, पाला खा, फळं खा, माझं काही म्हणणं नाही. पण अंगात स्निग्ध असं काही उरलेलं नाही तुमच्या. असंच चाललं तर येणारी थंडी निघायची नाही." दाराबाहेर आल्यावर माईंना त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, जरा हळू आवाजात.

माईंनी मेश्राम गुरुजींना निरोप धाडला. मेश्राम गुरुजी आप्पाजींच्या हाताखाली शिक्षक होते, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. शांत माणूस. आप्पाजी फार थोड्यांचं ऐकायचे, त्यांतले हे एक. ते आले, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग म्हणाले, "आप्पाजी, तथागतांनीही एकदा असंच शरीर वाळवलं होतं. पोटाला हात लावला तर पाठ हाताला लागावी इतकं. मग सुजातानं खीर आणली आणि त्यांनी ती घेतली."

आप्पाजींनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "पण गुरुजी, ती खीर शिजवलेली होती."

मला हसू आलं, पण मेश्राम गुरुजी हसले नाहीत.

"मी शिजवण्याचं सांगत नव्हतो, आप्पाजी," ते म्हणाले. "घेण्याचं सांगत होतो."

* * *

मृग लागला आणि पेरणी आटोपून विठ्ठलराव आले. हातात मडकं, वर केळीचं पान बांधलेलं. आत पांढरंशुभ्र लोणी.

"भाऊजी, आता बोला! दूध धारेचं, तापवलेलं नाई. त्याचंच इरजण, त्याचंच ताक, त्याचंच लोणी. ह्या लोण्यानं चुलीचं तोंड पाह्यलं नाई. तुमच्यापेक्षाबी सोवळं हाये!"

आप्पाजींनी नीट विचारपूस केली. विरजण कुठलं, पाणी कोमट घातलं होतं का, रवी कशी धरली. शेवटी म्हणाले, "बरोबर आहे. हे कच्चं आहे." माईंचा चेहरा असा उजळला की मी वाटी आणायला धावलेच.

आप्पाजींनी पळी मागितली. तिच्या टोकावर हरभऱ्याएवढं लोणी घेतलं, खाल्लं, आणि पळी धुऊन ठेवली.

विठ्ठलराव चिडले. "काहून भाऊजी? माह्या म्हशीनं तुमचं काय घोडं मारलं?"

तेव्हा आप्पाजी जे बोलले ते मी विसरलेली नाही. "विठ्ठल, पळी मी ठरवली. दहा-बारा घरं त्या पळीवर चालतात. त्यांच्या तळहातावर मी एक घालतो आणि स्वतः वाटी खातो, असं कसं करू? मास्तर आहे मी. पोरांना एक सांगून आपण दुसरं कसं करावं?"

विठ्ठलराव मडकं तिथेच ठेवून अंगणात जाऊन उभे राहिले.

* * *

आणि इथेच खरी गंमत होती, किंवा गंमत म्हणू नये. त्या दहा-बारा घरांपैकी पळीवर कोणीच चालत नव्हतं! शेंगदाण्यांच्या प्रकरणानंतर आमच्याकडे भाकरी परत आली होती, फोडणीही आली होती. दुसरीकडेही तेच. रविवारी मात्र सगळे सकाळी न खाता यायचे आणि तळहात पुढे करायचे. कोणाला फसवायचं म्हणून नाही. आप्पाजींचं मन मोडवेना म्हणून. ते विचारायचे, "जमतं आहे ना?" आणि आम्ही मान हलवायचो.

मी एकदा विहिरीवर माईंना म्हटलं, "माई, आपण त्यांना सांगून टाकू या. कोणीच पळीवर नाही म्हणून. मग ते तरी मोकळे होतील."

"मले का मालूम नाई?" माई दोर ओढता ओढता म्हणाल्या. "तुमच्या घरच्या फोडणीचा वास माह्या ओसरीवर येते, बाई. पन त्याहिले सांगू नका. ते मोकळे नाई व्हायचे. सगळ्याहिच्या चुकीपायी आपली पळीबी सोडून देतील."

खरंच होतं. ते तसेच होते. मी बादली उचलली आणि आम्ही दोघी परत आलो.

* * *

आता शेवटचा.

श्रावण संपत आला, पोळा जवळ आला. विठ्ठलरावांनी बहीण-भाऊजींना गावी नेलं, आणि सोबत म्हणून आम्हा दोघांनाही. आप्पाजींना बैलगाडीत गादी घालून, शालीत गुंडाळून न्यावं लागलं. रस्त्यात ते फारसं बोलले नाहीत. एका शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, पळसाची झाडं होती, ती पाहून तेवढं म्हणाले, "पानं मोठी झाली आहेत."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून खांद्याला घट्टे पडलेले असतात, त्यांना हळद आणि लोणी लावून पळसाच्या पानानं हलकं हलकं चोळतात. आणि बैलाला सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. उद्या पोळा, उद्या तुम्हाला जू नाही, उद्या तुम्ही पाहुणे. घरचा कर्ता पुरुष हे करतो. बायका दिवा घेऊन मागे उभ्या राहतात.

विठ्ठलरावांची कामाची जोडी शेकून झाली. मग ते गोठ्याच्या कोपऱ्यात गेले. तिथे एक म्हातारा बैल होता, ढवळ्या. हाडं वर आलेली, दोन वर्षांपासून जुवाखाली न गेलेला. त्याच्या खांद्यालाही त्यांनी तेवढंच लोणी लावलं.

माझे यजमान शहरातले. त्यांनी विचारलं, "विठ्ठलराव, हा तर काम करत नाही ना आता?"

"नाई करत," विठ्ठलराव म्हणाले. "पन ओढलं तं त्यानंच ना? खांदा त्याचाच दुखत असन." आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आप्पाजी समोर ओट्यावर बसले होते. शाल पांघरून, गुडघ्यांवर हात ठेवून सगळं पाहत होते. शेजारी त्यांची पळी होती, फडक्यात गुंडाळलेली. ती ते बरोबर घेऊन आले होते.

माईंनी हातातला दिवा माझ्याकडे दिला. विठ्ठलरावांच्या हातून हळद-लोण्याची वाटी घेतली, पळसाचं पान घेतलं, आणि अंगण ओलांडून ओट्याकडे गेल्या. इतक्या वर्षांत चारचौघांत त्यांनी आप्पाजींना कधी हातसुद्धा लावला नव्हता. डोक्यावरचा पदर नीट केला. मग त्यांनी आप्पाजींच्या अंगावरची शाल दोन्ही खांद्यांवरून खाली केली.

ते खांदे पाहून विठ्ठलरावांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला.

माईंनी पानावर लोणी घेतलं आणि आधी उजव्या खांद्याला लावलं, मग डाव्या. घाई नाही, काही नाही. बैलाचा खांदा शेकतात तसंच, हलकं हलकं. आप्पाजी हलले नाहीत. त्यांनी मान खाली घातली, आणि बैल जशी घालतो तशीच ती बराच वेळ खाली राहिली.

माई वाकून त्यांच्या कानाशी म्हणाल्या, पण गोठ्यापर्यंत आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, "आज आवतन घ्या. उद्या जेवाले या."

मग शाल परत वर घेतली, वाटी उचलली आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बैल धुवायला न्यायच्या आधी, आप्पाजी आंघोळ करून स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले, आणि माईंनी वाटी भरून वाढलेलं लोणी त्यांनी सगळं खाल्लं.